वाचकांचे प्रश्न : चेहऱ्याला किंवा जबड्याला गोळी लागली तर

जबड्याच्या फ्रॅक्चरवर या सदरात लिहिलं, त्यानंतर बंदुकीच्या जखमांबद्दल विचारणारी पत्रं आली. बहुतेक नागपूर आणि पूर्व विदर्भातली आहेत. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेचं काम रोज करणाऱ्या डॉक्टरांनी दिली आहेत.

प्रश्न : आमच्या भागात रानडुकरांपासून पीक राखायला काही लोक भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासायची, बंदूक ठेवतात. तिचा बार कुणाच्या तोंडावर बसला तर दवाखान्यात पोचेपर्यंत घरच्यांनी काय करावं? अशा वेळी जखमीला उताणं निजवून वारा घालतात. ते बरोबर आहे का?
— एक वाचक, आरमोरी

नाही. उताणं निजवणं ही यातली सगळ्यात घातक चूक. चेहऱ्याच्या गोळीत माणूस दगावतो तो पहिल्या तासात, आणि बहुधा श्वास अडकून. जखम कितीही भयंकर दिसली तरी तिच्याकडे नंतर बघता येतं. आधी श्वास.

कारण समजून घ्या. जिभेचा मुख्य स्नायू हनुवटीच्या हाडाला आतून चिकटलेला असतो, गुरं खुंट्याला बांधावीत तसा. हनुवटीचा चुरा झाला की तो खुंटाच उखडतो. मग उताण्या माणसाची जीभ घशात मागे पडते आणि तिच्यावर रक्त, लाळ, दातांचे तुकडे साचतात. शुद्धीवर असलेला जखमी आपणहून उठून बसतो, पुढे वाकतो आणि तोंडातलं खाली गळू देतो. लोक त्याला धरून पुन्हा आडवं करतात, तिथे घात होतो. त्याला बसू द्या. कोपरं गुडघ्यांवर, मान पुढे, तोंड जमिनीकडे. रक्त गिळायला सांगू नका, बाहेर पडू द्या. पोटात गेलेलं रक्त उलटीवाटे परत येतं.

शुद्ध हरपली असेल तर दोघातिघांनी मिळून, डोकं-मान-पाठ एका रेषेत ठेवून, कुशीवर वळवा. तोंडाचा कोपरा सगळ्यात खाली यायला हवा. जीभ मागे गेलेली दिसली तर कोरड्या सुती कापडाने चिमटीत धरून पुढे ओढा. ओल्या बोटांतून ती निसटते. दिसणारे तुकडे बोटाने बाजूला काढा, पण न दिसणाऱ्या ठिकाणी बोट खुपसू नका, तुकडा आणखी खोल जातो.

रक्त बाहेरून वाहत असेल तर स्वच्छ सुती कापडाची घडी ठेवून घड्याळ लावून दहा मिनिटं दाबा. मध्ये उचलून बघू नका, बघितलं की जमलेली गुठळी सुटते. गालाच्या खालच्या भागातून जोरात रक्त येत असेल तर आणखी एक जागा आहे. दात घट्ट आवळल्यावर जबड्यावर स्नायू फुगतो ना, त्याच्या अगदी पुढे, हाडाच्या खालच्या कडेवर नाडी लागते. तिथलं हाड शाबूत असेल तर ती नाडी हाडावर दाबून धरा. डोळ्याला इजा असेल तर त्यावर अजिबात दाब नको. कागदी कप उलटा ठेवून त्याची कड भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकवा आणि चिकटपट्टीने बसवा.

डोक्यावरून हनुवटीखाली फडकं आवळून जबडा बांधू नका. हातपाय मोडल्यावर बांधतात, म्हणून लोक इथेही बांधायला जातात. पण तोंड बांधलं की रक्त आणि उलटी आत कोंडते. तोंडात कापडाचे बोळे कोंबू नका. हळद, कॉफी, तंबाखू जखमेत भरू नका. पाणीसुद्धा देऊ नका, थोड्याच वेळात भूल द्यावी लागणार असते.

पडलेले दात, हाडाचे तुकडे ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून सोबत आणा. ते परत बसतीलच असं नाही, पण मोजदाद होते. तोंडातले चार दात कमी आणि हातात तीनच असतील तर चौथा फुफ्फुसात गेला का, हे छातीच्या एक्स-रेमध्ये शोधावं लागतं.

108 ला फोन करा. शुद्धीवर असलेला जखमी गाडीतही बसूनच राहील, शेजारी एक माणूस धरून. आधी जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, मग नागपूर. तिथून निघण्यापूर्वी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: "श्वासाची वाट पक्की केली का?" गडचिरोलीहून नागपूर साधारण पावणेदोनशे किलोमीटर. संध्याकाळी बोलत असलेल्या जखमीच्या जिभेला आणि घशाच्या तळाला रात्रीपर्यंत इतकी सूज चढते की नळी घालायला जागा उरत नाही. शंका असेल तर निघण्याआधीच नळी घालणं किंवा गळ्यातून वाट करणं हिताचं. धावत्या गाडीत ते काम फार अवघड जातं.

प्रश्न : बंदूक विनापरवाना असेल तर पोलिसांच्या भीतीने लोक जखमीला नेतच नाहीत. दवाखाना परत पाठवतो का?
— नाव न छापण्याच्या विनंतीवरून

परत पाठवता येत नाही. 1989 साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य, मग दवाखाना सरकारी असो की खासगी, आणि पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबवता येणार नाहीत. गोळीची जखम एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, म्हणून नोंदली जाईल आणि पोलिसांना कळवलंही जाईल, हे खरं. पण ते काम उपचारासोबत चालतं. लपवाछपवीत एक रात्र घरी काढली तर माणूस जातो, आणि मग चौकशी त्याहून मोठी लागते. डॉक्टरांना एक गोष्ट मात्र खरी सांगा: बंदूक कुठली होती आणि किती अंतरावरून बार उडाला. त्यावरून जखमेत काय शोधायचं ते ठरतं. भरमारीत दारू आणि छऱ्यांवर चिंध्यांचा बोळा ठासलेला असतो. जवळून उडालेल्या बारात तो बोळा जखमेत शिरतो. एक्स-रेत छर्रे पांढरे लख्ख दिसतात, चिंधी दिसत नाही. ती आत राहिली की महिनाभर पू वाहतो आणि कारण सापडत नाही.

प्रश्न : मी शस्त्रक्रियागृहात परिचारिका आहे. गोळीने फुटलेल्या जबड्यात हाडाचा अगदी चुरा झालेला असतो. काही सर्जन बरेच तुकडे ठेवून देतात, काही साफ करतात. नियम काय? आणि कामाचा क्रम कसा असावा?
— एक वाचक, नागपूर

आमचं मत स्पष्ट आहे. चेहऱ्यावर काढून टाकण्याची घाई कधीच करू नये. मांडीच्या किंवा पोटरीच्या गोळीत काळवंडलेला स्नायू सढळ हाताने कापून टाकतात, तोच हात चेहऱ्यावर चालवला तर रुग्णाचं आयुष्यभराचं नुकसान होतं. चेहऱ्याला रक्तपुरवठा इतका भरपूर आहे की आज निळसर दिसणारी ओठाची कड परवा गुलाबी होते. ओठ, पापणी, नाकपुडी यांच्यासारखी कातडी अंगावर दुसरीकडे कुठेच नाही. म्हणून शंका असेल तो भाग ठेवा, आणि 24 ते 48 तासांनी पुन्हा थिएटरमध्ये नेऊन बघा. जे खरंच मेलं ते तोवर स्वतःच दाखवून देतं.

हाडाच्या तुकड्याला विचारायचा प्रश्न एकच: याला आवरण किंवा स्नायू चिकटलेला आहे का? असेल तर तो जिवंत आहे, कितीही बारीक असला तरी ठेवा. चिमट्यात धरल्यावर अलगद निघून हातात आला, दोन्ही बाजूंनी उघडा, कोरडा असेल, तर तो पुढे सडणारच, काढा. तुकडे बघण्याच्या नादात आवरण खरवडून काढणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. तसं केलं की जिवंत तुकडे आपणच मारतो.

इतका चुरा होतो कसा, हे थोडक्यात. गोळीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. पिस्तुलाची गोळी साधारण सेकंदाला 250 ते 450 मीटर, रायफलची 700 ते 900. खालचा जबडा टणक, तो ही ऊर्जा शोषतो आणि फुटतो. दात सुटून स्वतःच छऱ्यांसारखे जिभेत, गालात, घशात घुसतात. वरचा जबडा पोकळ आणि पातळ हाडांचा, त्यातून गोळी बरेचदा आरपार जाते. तिथे काळजी डोळ्याची, मेंदूच्या तळाची आणि खोलवरच्या रक्तस्रावाची.

आता क्रम. श्वासाची वाट आधी. मधला चेहरा फुटला असेल तर नाकातून नळी आंधळेपणाने सरकवू नये. जबडा आणि तोंडाचा तळ दोन्ही फाटले असतील तर ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे गळ्यातून श्वासाची वाट, लवकर करावी, पुढची दोन-तीन ऑपरेशन्सही सोपी जातात. सक्शनच्या दोन नळ्या चालू हव्यात, एक गुठळीने तुंबतेच.

मग रक्तस्राव. गालात खोल रक्ताच्या थारोळ्यात चिमटे मारू नयेत, तिथे चेहऱ्याची नस, म्हणजे चेहरा हलवणारा मज्जातंतू, असते. दाब, पॅकिंग, गोळीच्या वाटेत फोलीचा (लघवीच्या नळीचा) फुगा फुगवणं, आणि तरी थांबलं नाही तर अँजिओग्राफी करून रक्तवाहिनी आतून बंद करणं. वरवर शांत दिसणाऱ्या जखमेतही गोळीची वाट मोठ्या रक्तवाहिनीजवळून गेली असेल तर सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी) करावाच. रक्तवाहिनीचा फुटायच्या बेतातला फुगवटा काही दिवसांनी अचानक फुटतो. डोळ्याची दृष्टी पापणी सुजण्याआधी तपासून कागदावर लिहून ठेवा, नंतर पापणी उघडता येत नाही. सीटी एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांचा. आतला तुकडा लोखंडी नाही याची खात्री होईपर्यंत एमआरआय नाही.

धुलाई भरपूर सलाईनने. कातडीत शिरलेली दारूची काळी पूड पहिल्याच वेळी मऊ ब्रशने घासून काढा, नाहीतर ती गोंदणासारखी कायमची राहते. धनुर्वाताचं इंजेक्शन अर्धा मिली. आधीचे डोस माहीत नसतील तर वेगळ्या जागी 250 युनिट इम्युनोग्लोब्युलिनही. गोळी गरम असते म्हणून जंतू मरतात, हा समज खोटा आहे. ती कपड्यांचे धागे आणि तोंडातले जंतू हाडापर्यंत घेऊन जाते.

गालावर जखम असेल तर दोन गोष्टी मुद्दाम शोधाव्या लागतात. पहिली, लाळेची नळी. तिचं तोंड वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालात उघडतं. तिथून बारीक नळी घालून सलाईन सोडा. ते जखमेतून बाहेर आलं तर लाळनळी तुटली आहे, आत स्टेंट (आधाराची बारीक नळी) ठेवून शिवावी लागते. दुसरी, चेहऱ्याची नस. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून सरळ खाली रेघ ओढा. रेघेच्या कानाकडच्या बाजूला नस तुटली असेल तर जोडायला हवी. पलीकडचे फाटे इतके बारीक असतात की ते बहुधा आपोआप सावरतात. जोडायची असेल तर 72 तासांच्या आत, कारण तोवरच तुटलेल्या टोकाला विजेची टोचणी दिली की चेहऱ्याचा स्नायू हलतो आणि टोक सापडतं.

हाडाआधी चाव. वरचे-खालचे दात आर्च बार (दातांच्या रांगेला बांधायची धातूची पट्टी) आणि 0.4 ते 0.5 मिलिमीटरच्या तारेने एकमेकांवर नीट बसवायचे आणि मग त्या मापावर प्लेट घालायची. उलट केलं तर प्लेट देखणी बसते आणि रुग्णाच्या दाढा मात्र टेकत नाहीत. चुरा झालेल्या जबड्यावर साध्या फ्रॅक्चरची छोटी प्लेट चालत नाही, कारण तुकडे स्वतः काही भार घेऊ शकत नाहीत. 2.4 मिलिमीटरच्या स्क्रूची जाड रिकन्स्ट्रक्शन प्लेट लागते, आणि दोन्ही टोकांना शाबूत हाडात किमान तीन-तीन स्क्रू. दोनवर भागवलं की स्क्रू ढिले होतात, प्लेट हलते, पू धरतो. जखम फार घाण असेल किंवा वर झाकायला मांसच नसेल तर काही आठवडे बाहेरून पिना आणि दांडी लावून मधली जागा राखून ठेवता येते.

बंद करायचं ते आतून बाहेर: तोंडातलं अस्तर पाणी न गळेल असं, मग स्नायू, शेवटी कातडी. ओठ शिवताना लाल-पांढऱ्या सीमेचा टाका सगळ्यात आधी. सीमा एक मिलिमीटर चुकली तरी समोर बसलेल्या माणसाला दिसते.

नाक गेलं असेल तर कपाळाची कातडी वळवून नवं नाक करतात. पुण्याजवळ झालेल्या अशा शस्त्रक्रियेचं वर्णन 1794 साली लंडनच्या एका मासिकात छापून आलं आणि युरोपातले सर्जन ती पद्धत शिकले. आजही नाकासाठी पहिली निवड तीच.

प्रश्न : भावाच्या गालात छर्रे आहेत. डॉक्टर म्हणतात राहू द्या. विष पसरणार नाही का?
— एक वाचक, भंडारा

बहुतेक वेळा राहू देणंच बरोबर. मांसात रुतलेल्या छऱ्याभोवती शरीर स्वतःच वेष्टण तयार करतं. एकेक छर्रा काढायला गेलं तर नसा आणि लाळग्रंथी कापल्या जातात. काढायचे ते कधी? कानापुढच्या जबड्याच्या सांध्यात असतील तेव्हा, कारण सांध्याच्या पाण्यात शिसं विरघळून रक्तात जातं. मोठ्या रक्तवाहिनीला टेकले असतील, डोळ्याच्या खोबणीत दुखवत असतील, पू होत असेल किंवा कातडीखाली हाताला लागून टोचत असतील तेव्हाही. छर्रे पुष्कळ असतील तर रक्तातल्या शिशाची तपासणी डॉक्टरांना विचारून अधूनमधून करा. पोटदुखी, बद्धकोष्ठता, हातापायांत अशक्तपणा जाणवला तर लगेच. आणि पुढे कधीही एमआरआयची वेळ आली तर आधी सांगा, तंत्रज्ञाला आणि डॉक्टरलाही.

काढलेली गोळी घरी न्यायची नसते. दातेरी चिमट्याने धरली तर तिच्यावरचे बंदुकीच्या नळीचे ओरखडे बिघडतात, म्हणून चिमट्याच्या टोकाला रबर लावून धरतात. मग डबीत सीलबंद करून पावती घेऊन पोलिसांकडे देतात. रक्ताचे कपडेही वाळवून कागदी पिशवीत. प्लास्टिकमध्ये ते कुजतात.

प्रश्न : नवऱ्याचा जबडा तारेने बांधून घरी पाठवलं आहे. सहा आठवडे म्हणतात. मे महिन्याचं ऊन, आणि ते पाच दिवसांत फार वाळले. काय देऊ?
— एक वाचक, कामठी

ताई, घाबरू नका, पण रोज मोजून द्या. अंदाजाने दिलेलं कमीच पडतं. साठ किलोच्या माणसाला जखम भरताना दिवसाला 75 ते 90 ग्रॅम प्रथिनं आणि दोन हजारांच्या वर कॅलरी लागतात. निव्वळ पेज आणि वरणाच्या पाण्यावर हे होत नाही, पोट भरतं आणि अंग झडतं. एका दिवसाचा हिशेब असा धरा: दूध एक लिटर म्हणजे 32 ग्रॅम, त्यात साय काढलेल्या दुधाची पावडर साठ ग्रॅम म्हणजे वीसेक, तीन उकडलेली अंडी सूपात मिक्सरमधून काढून 18, आणि घट्ट वरण दोन वाट्या. अंडी चालत नसतील तर दही आणि सत्तू वाढवा. आंबील, ताक, तांदळाची पेज वरून. प्रत्येक वेळच्या खाण्यात चमचाभर तूप. सगळं दोनदा गाळा, एक कणही तारेत अडकला की कुजतो. दाढांच्या मागे गालात जागा असते. तिथे 50 मिलीच्या सिरिंजला मऊ रबरी नळी लावून, ताठ बसवून, हळूहळू सोडा. एका वेळी दीडदोनशे मिली, दिवसातून आठ-दहा वेळा. तोंडात ताजे टाके असतील तर स्ट्रॉने ओढून पिणं डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत नको.

उन्हाळ्यात एकूण पातळ पदार्थ तीन लिटरपर्यंत जायला हवेत. मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असेल तर आकडा डॉक्टरांकडून घ्या. लघवी गर्द पिवळी दिसली की समजा कमी पडलं. संत्र्याचा रस सुरुवातीला नको, कच्च्या जखमेला तो आगीसारखा झोंबतो.

0.2 टक्क्यांच्या क्लोरहेक्सिडिनने सकाळ-संध्याकाळ दहा मिली, एक मिनिट खळखळून. प्रत्येक खाण्यानंतर मिठाच्या कोमट पाण्याने. लहान मुलांच्या मऊ ब्रशने बाहेरची बाजू घासा. तारेचं टोक ओठाला टोचत असेल तर दातांच्या डॉक्टरकडून मेण आणून गोळी दाबून बसवा.

आणि तार कापायची पक्कड. ती कपाटात नाही, त्यांच्या उशाशी दोरीला बांधून, बाहेर जाताना खिशात. दवाखान्यातून निघताना वरच्या आणि खालच्या दातांना जोडणाऱ्या उभ्या तारा कुठल्या हे आरशात बघून शिकून घ्यायचं असतं. राहिलं असेल तर उद्याच जाऊन शिका. उलटी आली तर आधी पुढे वाकवा. पातळ उलटी दातांच्या फटीतून निघून जाते. श्वास अडकला तरच उभ्या तारा कापा, आणि मग तसेच दवाखान्यात या. मळमळीचं औषध घरात हवं, दारू पूर्ण बंद. आठवड्याला एक किलोपेक्षा जास्त वजन उतरलं तर सहा आठवड्यांची वाट न बघता दाखवा, नाकातून नळी घालून काही दिवस अन्न देता येतं.

प्रश्न : स्वतःवर गोळी झाडून वाचलेल्या माणसाचा चेहरा नीट करण्यात अर्थ आहे का? तो पुन्हा तसंच करेल, असं नातेवाईक म्हणतात.
— एक वाचक, वर्धा

पूर्ण अर्थ आहे. मानसोपचारतज्ज्ञ पहिल्या दिवसापासून टीममध्ये हवेत, चेहरा बरा झाल्यावर नव्हे. ट्रॅकिओस्टॉमीमुळे रुग्णाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या हातात वही-पेन द्या आणि त्याने लिहिलेलं वाचा. पहिल्यांदा आरसा बघताना कुणीतरी जवळ असावं. घरी हत्यार उरलेलं नको. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, तो नातेवाइकांनीही वापरावा.

प्रश्न : जबड्याचा मोठा तुकडाच गेला असेल तर पायाचं हाड बसवतात असं ऐकलं. पाय अधू होतो का? दात परत येतात का? रुग्ण पस्तीस वर्षांचा आहे, खर्रा खातो.
— एक वाचक, चंद्रपूर

गेलेला भाग पाच-सहा सेंटीमीटरपर्यंत असेल आणि वर निरोगी मांस असेल तर कमरेच्या हाडाचा तुकडा पुरतो. त्याहून मोठा असेल, किंवा आतलं अस्तर आणि कातडीही गेली असेल, तर फिब्युला, म्हणजे पोटरीतलं बाहेरचं बारीक हाड, त्याच्या रक्तवाहिनी आणि कातडीसकट उचलतात आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. खालच्या जबड्यासाठी ही पद्धत 1989 साली हिडाल्गो यांनी मांडली. शरीराचा भार मुख्यतः नडगीचं हाड घेतं, म्हणून पाय अधू होत नाही. गुडघ्याकडचे आणि घोट्याकडचे सहा ते आठ सेंटीमीटर मात्र ठेवावेच लागतात, नाहीतर घोटा डळमळतो. आधी पायाचा अँजिओ करतात. काही जणांत पावलाचा रक्तपुरवठा त्याच वाहिनीवर असतो, तिथे हात लावता येत नाही.

ऑपरेशन आठ-दहा तासांचं. पहिले दोन दिवस जोडलेला भाग तासातासाला बघतात: रंग, ऊब, टोचल्यावर लाल रक्त. निळा पडला तर तातडीने पुन्हा थिएटर, काही तासांचा उशीर झाला की भाग जातो. हाड जुळल्यावर, साधारण सहा महिन्यांनी, त्यात इम्प्लांट बसवून पक्के दात करता येतात. खर्चासाठी महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच भेटा. नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, मेयो रुग्णालय, मिहानमधलं एम्स, जिथे दाखल असाल तिथे कागद पहिल्या दिवशीच जमवायला लागा.

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, म्हणाल तर तो आजच थांबवायला हवा. सुपारीने तोंडाच्या आतलं अस्तर आधीच दोरीसारखं ताठ झालेलं असतं. त्यावर गोळीचे व्रण पडले की तोंड बोटभरही उघडत नाही, आणि मग इम्प्लांट बसवायला हत्यार आत जाणार कसं? तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जोडलेल्या हाडाचा जीव त्यांच्यावरच असतो. आत्ता मोजून बघा: स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का? निरोगी माणसाचं तोंड 35 ते 45 मिलिमीटर उघडतं. तारा निघाल्यावर आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड दाढांमध्ये धरायची, दिवसातून पाच वेळा, प्रत्येक वेळी पाच मिनिटं, आणि दर दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढवायची. एक काडी साधारण दोन मिलिमीटर. तारीख आणि काड्यांची संख्या वहीत लिहा आणि ती वही प्रत्येक तपासणीला सोबत आणा.